वाकणाऱ्या चौकटीचे शास्त्र

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या अहमदपुरात आणि त्याच्या आसपासच्या बाजारगावांत जी लोखंडकामाची दुकाने आहेत, त्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगर, वखर, पेरणीयंत्रे आणि घरांची दारे-खिडक्या यांचे काम बारमाही चालते. आणि या दुकानांतील एखाद्या जाणत्या कारागिराला चांगल्या चौकटीचे लक्षण विचारले, तर जी ओझ्याखाली लवत नाही आणि खड्ड्यात आदळली तरी मुरगळत नाही तीच चौकट चांगली, असे उत्तर तो विलंब न लावता देईल. ट्रॉलीपुरते त्याचे मत निर्विवाद आहे. परंतु त्याच जातीच्या पोलादी नळीपासून आणि त्याच वेल्डिंगच्या विद्येने तयार होणारे एक यंत्र असे आहे, की ज्याची चौकट लवली नाही तर ते निरुपयोगी ठरते, आणि जिने किती, केव्हा व कोणत्या कोपऱ्यातून लवावे या हिशेबातच त्या यंत्राचे सारे कौशल्य साठवलेले असते. शर्यतीचे गो-कार्ट हे ते यंत्र होय.

प्रौढांच्या गटातील शर्यतीचे कार्ट पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत साधारण १०५ सेंटीमीटर भरते, आणि नियमाप्रमाणे त्याची रुंदी १४० सेंटीमीटरच्या पलीकडे जात नाही. चालकाची बैठक जमिनीला जवळजवळ टेकलेली. उजव्या हाताला १२५ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, जे रोटॅक्ससारख्या प्रचलित प्रकारात सुमारे ३० अश्वशक्ती देते. डाव्या बाजूस ब्रेकची डिस्क. आणि या सर्वांचे वजन, चालक धरून, १६० किलोच्या आसपास. मोटारीत चाक आणि चौकट यांच्या दरम्यान स्प्रिंगांची व शॉक ॲब्सॉर्बरची जी तजवीज असते, ती येथे मुळातच नाही, आणि नियमही तिला मुभा देत नाहीत. मागच्या दोन चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियलही नाही. एकाच पोकळ पोलादी ॲक्सलवर, ज्याचा व्यास बहुधा ५० मिलिमीटर असतो, दोन्ही चाके घट्ट आवळलेली असतात, आणि एक फिरले की दुसरे तितकेच फिरते.

या शेवटच्या गोष्टीत कार्टची सारी अडचण आहे, आणि ती आपल्याकडील ट्रॅक्टरचालकाला पुस्तकाशिवाय समजण्याजोगी आहे. चिखलात एक चाक जागच्या जागी फिरू लागले की तो डिफरन्शियल लॉक लावतो. पण लॉक तसाच ठेवून ट्रॅक्टर वळवू पाहिला, तर पुढची चाके वळलेली असूनही तो हट्टाने सरळच ओढत राहतो, कारण मागची दोन्ही चाके सारखेच अंतर कापण्याचा आग्रह धरतात. कार्ट हे कायमचा लॉक लागलेल्या ट्रॅक्टरसारखे वाहन आहे. त्याच्या मागच्या दोन टायरांच्या मध्यांमधील अंतर १.२ मीटर धरले, तर अर्धवर्तुळाकार वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे पावणेचार मीटर अधिक चालावे लागते. आणि वळण विस्तीर्ण असो की आखूड, हा फरक तेवढाच राहतो. एकाच ॲक्सलवर जखडलेल्या चाकांना हे साधणार कसे? दोहोंपैकी एका टायरला तेवढे अंतर घसटत जावे लागेल, त्या घसटण्यात इंजिनाची शक्ती खर्ची पडेल, आणि कार्टचे तोंड वळणाऐवजी बाहेरच्या कडेकडे जाऊ लागेल.

यातून सुटकेचा मार्ग एकच आहे, आणि तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विलक्षण वाटतो. वळणात शिरता शिरता आतले मागचे चाक जमिनीवरून उचलले गेले पाहिजे, निदान त्यावरील भार जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे. आणि वळण संपता संपता ते पुन्हा अलगद टेकले पाहिजे, म्हणजे बाहेर पडताना दोन्ही टायर जोर लावू शकतील. चासीच्या जुळवणीसंबंधी जे जे काही यापुढे सांगायचे आहे, ते सर्व शेवटी या एका चाकाच्या उचलण्या-टेकण्याशी येऊन मिळते.

चाक उचलण्याचे काम करते कोण? प्रथम पुढची भूमिती. पुढचे प्रत्येक चाक ज्या स्टब ॲक्सलवर बसते, तो ज्या उभ्या किंगपिनभोवती वळतो, ती किंगपिन माथ्याकडून मागे झुकवलेली असते; या झुकावाला कॅस्टर म्हणतात. या झुकावामुळे स्टिअरिंग वळवताच आतले पुढचे चाक चौकटीच्या मानाने खाली रेटले जाते आणि बाहेरचे वर ओढले जाते. आतले चाक खाली रेटले, पण जमीन तर हटत नाही. तेव्हा चौकटीचा तो कोपरा वर उचलला जातो, आणि सगळे कार्ट आतले पुढचे व बाहेरचे मागचे या दोन चाकांना जोडणाऱ्या कर्णावर तोलू लागते. त्याच वेळी वळणाच्या वेगाने वजन बाहेरच्या बाजूला ढकलले जात असते. दोन्ही गोष्टी जुळल्या की आतले मागचे चाक, काही मिलिमीटर का होईना, मोकळे होते. कॅस्टर वाढवला की हे उचलणे वाढते, आणि त्याबरोबर स्टिअरिंगही जड होते. किंगपिनच्या माथ्याशी बसवलेल्या, छिद्र मध्यापासून सरकवलेल्या चकत्या फिरवून हा फेरफार काही मिनिटांत करता येतो.

दुसरे काम चौकटीचे. कर्णावर तोललेली चौकट थोडी पिळवटते, म्हणजे स्प्रिंगप्रमाणे शक्ती साठवते, आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागले की ती शक्ती परत करीत उचललेले चाक खाली आणते. म्हणून नळीची निवड हा मोठा गंभीर मामला ठरतो. शर्यतीच्या चासीत बहुधा क्रोम-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाच्या २८, ३० किंवा ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या वापरतात. आणि दोन मिलिमीटरचा फरक तो काय, असे ज्याला वाटते त्याने हा हिशेब पाहावा, की भिंतीची जाडी २ मिलिमीटर धरली, तर ३० ऐवजी ३२ मिलिमीटरची नळी पिळाला सुमारे २३ टक्के अधिक विरोध करते. ट्रॉली बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही वाढ म्हणजे निव्वळ लाभ. कार्ट बांधणाऱ्याला मात्र ती कधी लाभते आणि कधी नडते: गुळगुळीत, थोड्या पकडीच्या ट्रॅकवर एक नळी बरी वाटते, तर रबराने माखलेल्या ट्रॅकवर दुसरी. म्हणूनच एकाच चासीत निरनिराळ्या व्यासांच्या नळ्याही योजतात, आणि पुढच्या बाजूला टॉर्शन बार नावाचा एक आडवा दांडा असा ठेवतात, की तो आवळला, सैल केला वा काढूनच टाकला तर पुढच्या भागाचा ताठरपणा बदलावा.

ही विद्या जन्माला आली ती अगदी साध्या ठिकाणी. १९५६ साली कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे आर्ट इंगल्स या कारागिराने, लू बोरेली या मित्राच्या साहाय्याने, गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन नळ्यांच्या चौकटीवर बसवून पहिले कार्ट तयार केले. इंगल्स कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या मोटारी बांधण्याचे काम करीत असे, तेव्हा स्प्रिंगा व डिफरन्शियल यांचे महत्त्व त्याला ठाऊक नव्हते असे नव्हे. स्वस्त आणि सुटसुटीत वाहनासाठी त्याने त्या गाळल्या, आणि त्या गाळण्यातून चासीच्या जुळवणीचे एक स्वतंत्र शास्त्र पुढे उभे राहिले. १९६२ मध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय नियामक समिती स्थापन झाली, आणि १९६४ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होऊन इटलीच्या ग्वीदो साला याने ती जिंकली. उत्तम चासी आजही मुख्यत्वे इटलीतूनच येतात. ब्रेशा प्रांतातील प्रेवाले आणि लोनातो ही काही मोठी औद्योगिक नगरे नव्हेत. पण टोनी कार्ट आणि सीआरजी ही जगभर गाजलेली नावे तेथली आहेत. नळी कापणे, वाकवणे आणि वेल्डिंग करणे या कामांत पिढ्या घालवलेल्या कारागिरांच्या गावांना यात पुष्कळ आशेचे सापडेल, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात या खेळाचे घर शोधायचे तर कोल्हापुराकडे पाहावे लागते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांनी आणि इंजिनांच्या कारखान्यांनी जेथे यंत्रकामाची परंपरा दृढ केली, त्या नगरीत मोहितेज रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक उभा राहिला, आणि राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झाल्या. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक २०१७ साली ब्रिटिश फॉर्म्युला ३ मालिकेत उतरला होता. मोठ्या शर्यतींच्या मोटारी चालवणाऱ्यांचा प्रारंभ बहुतेक कार्टपासूनच होतो: आयर्टन सेना १९७९ आणि १९८० या दोन्ही वर्षी कार्टिंगच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला होता, आणि मॅक्स वर्स्टापेनने २०१३ साली फ्रान्समधील वारेन येथे गिअरच्या कार्टांचे जागतिक अजिंक्यपद मिळवले होते. या मंडळींच्या हाताची आणि पाठीची जी जाण पुढे नावाजली गेली, ती स्प्रिंगा नसलेल्या चौकटीवर बसूनच घडलेली होती.

शर्यतीच्या दिवशी ट्रॅक सकाळी जसा असतो तसा दुपारी राहत नाही. सकाळी डांबरावर धूळ असते आणि टायर निसटतात. मग जसजशा फेऱ्या होत जातात तसतसे टायरांचे रबर वळणावळणांवर बसत जाते, काळा पट्टा उमटतो, आणि पकड वाढते. नवख्या माणसाला वाटते की पकड वाढली म्हणजे सर्व चिंता मिटली. प्रत्यक्षात दुपारी चालकाची तक्रार सुरू होते की कार्ट जमिनीला चिकटले आहे, वळणात इंजिनाचा आवाज बसतो आहे, किंवा बाहेरच्या दोन चाकांवर उभे राहून ते उड्या मारते आहे. पकड बेसुमार झाली की आतले चाक प्रमाणाबाहेर आणि धक्क्याधक्क्याने उचलले जाते, अथवा टायर इतके घट्ट धरतात की प्रत्येक वळण वेगाची वसुली करते. सकाळी ज्या जुळवणीने अव्वल वेळ नोंदवली, तीच तिसऱ्या प्रहरी मागे पडते. आणि म्हणून कुशल मेकॅनिक दिवसाच्या पूर्वार्धात पकड मिळवण्याचे आणि उत्तरार्धात ती सोडवण्याचे उपाय योजतो. कार्टची जुळवणी म्हणजे पकड वाढवणे, हा समज आमच्याकडील तरुणांतही फार दृढ आहे, आणि तो जितक्या लवकर जाईल तितके बरे.

पकड मिळवण्याचे आणि सोडवण्याचे सर्वांत प्रभावी साधन कोणते, असे विचारले तर पुष्कळ जण टायर म्हणतील, काही ॲक्सल म्हणतील. माझ्या मते सीट. १६० किलोंच्या ऐवजात चाळीस टक्क्यांहून अधिक वजन एकट्या चालकाचे, आणि हे वजन चौकटीवर कोठे व किती उंचीवर ठेवायचे हे सीट मुकरर करते. जो निर्णय येथे चुकला, तो पुढे कोणत्याही नटबोल्टाने सुधारत नाही. इंजिन उजवीकडे असल्यामुळे सीट डावीकडे किंचित सरकवलेली असते, म्हणजे दोन्ही बाजूंचा भार समान व्हावा; पुढे-मागे ती अशी बसवतात की एकूण वजनाचे सुमारे ४३ टक्के पुढच्या आणि ५७ टक्के मागच्या चाकांवर पडावे. पाच मिलिमीटरचा फरक सरावलेल्या चालकाला तत्काळ जाणवतो. उंचीचा परिणाम तर हिशेबाने दाखवता येतो: गुरुत्वाच्या दुपटीइतके पार्श्वबल ज्या वळणात निर्माण होते, तेथे वजनाचा मध्य एक सेंटीमीटर वर गेला तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे जाणारा भार सुमारे पावणेतीन किलोंनी वाढतो. हा आकडा क्षुल्लक नाही, कारण ज्या आतल्या मागच्या चाकाला उचलायचे आहे त्यावर उभ्या अवस्थेत मुळात पंचेचाळीस किलोच असतात. सकाळच्या निसरड्या ट्रॅकवर सीट उंच असणे म्हणूनच उपकारक, आणि दुपारी तेच उपद्रवकारक.

शिवाय सीट ही केवळ बसण्याची जागा नव्हे. फायबरग्लासची ती कवटी चार ठिकाणी चौकटीला बोल्टने जखडलेली असते, आणि त्यामुळे तीही चौकटीचाच एक भाग होऊन पिळाला विरोध करते. मऊ सीट वापरली तर मागची बाजू सैलावते, ताठर वापरली तर आवळली जाते. सीटच्या माथ्यापासून ॲक्सलच्या बेअरिंगकडे जाणारे जादा टेकू, ज्यांना सीट-स्टे म्हणतात, लावले की चालकाचे वजन अधिक थेट मागच्या टायरांवर उतरते. ते काढले की कार्ट मोकळे होते. सीट बसवताना ती चौकटीला ओढूनताणून जुळवू नये, चार ठिकाणी जेवढी फट राहील तेवढ्या जाडीच्या चकत्या घालाव्यात, हा नियम तर प्रत्येक मेकॅनिकने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. कारण ताणून बसवलेली सीट चौकटीला उभ्या अवस्थेतच पिळून ठेवते, आणि मग डावीकडच्या वळणात एक स्वभाव, उजवीकडच्या वळणात दुसरा, अशी विपरीत स्थिती उत्पन्न होते.

टायरांचा विचार आमच्या हवामानात विशेष काळजीने करावा लागतो. कार्टचे पुढचे-मागचे टायर पाच इंची रिमवर बसतात. कोरड्या ट्रॅकवर ते अगदी गुळगुळीत, म्हणजे स्लिक, असतात. रबर थंड असता धरत नाही, विशिष्ट उष्णतेला उत्तम धरते, आणि त्यापलीकडे तापले की पुन्हा निसटू लागते. हवेचा दाब हा या उष्णतेवरील अंमलदार होय: अधिक हवेचा टायर लवकर तापतो पण लवकर अतिरेकाला जातो, कमी हवेचा सावकाश तापतो आणि शर्यतीच्या अखेरीस कामाला येतो. थंड टायरमध्ये, तीस अंशांवर, दहा पौंड हवा भरली आणि शर्यतीत आतली हवा ऐंशी अंशांपर्यंत तापली, तर तीच हवा चौदा पौंड दाखवते. एवढेच काय, पहाटे पंचवीस अंशांवर हवा मोजून कार्ट मराठवाड्याच्या मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत उभे करून ठेवले, तर एक फेरीही न मारता सव्वा ते दीड पौंडाची वाढ झालेली असते. म्हणून टायर सावलीत ठेवावेत, चारही टायरांची हवा एकाच वेळी आणि एकाच मापकाने मोजावी, आणि ट्रॅकवरून परत येताच तापलेली हवा पुन्हा मोजून नोंदवावी. या बाबतीत कसूर झाली, तर चासीतील इतर फेरफारांचे निष्कर्ष व्यर्थ जातात, कारण फरक चौकटीने पडला की हवेने, याचा निवाडाच करता येत नाही.

पुढच्या दोन चाकांमधील आणि मागच्या दोन चाकांमधील रुंदी ही त्यानंतरची बाब. पुढची चाके बाहेर सरकवली की स्टिअरिंगच्या वळणाबरोबर चौकटीचा कोपरा अधिक उचलला जातो, आणि कार्ट वळणात उत्सुकतेने शिरते. आत घेतली की पुढचा भाग शांत होतो. मागची रुंदी कमी केली की बाहेरच्या मागच्या टायरवर भार अधिक येऊन आतले चाक सहज उचलले जाते आणि मागची पकड बहुधा वाढते. रुंदी वाढवली की कार्ट सैल, स्थिर आणि मोकळे वाटते. बहुधा हा शब्द मी हेतुतः वापरला, कारण ट्रॅकवर रबर फार जमले असता हेच उपाय उलटे पडल्याचे अनुभव जाणकार सांगतात. चाक ॲक्सलला धरून ठेवणारा हब लांब असला तर ॲक्सलचा मोकळा भाग कमी होऊन तो ताठर वागतो, आखूड असला तर अधिक लवतो. ॲक्सलही मऊ, मध्यम आणि कठीण अशा नावांनी विकले जातात, आणि त्यांवरून चालकांत कधीच न संपणारे वाद आहेत. पोलाद कठीण केल्याने त्याचा लवचीकपणाचा गुणांक फारसा बदलत नाही. ॲक्सलचा ताठरपणा बदलतो तो भिंतीच्या जाडीने आणि व्यासाने. तेव्हा एकाच जाडीच्या दोन ॲक्सलांत चालकाला जो फरक जाणवतो, तो सांगितला तेवढा असतो काय, याची घड्याळावर खातरजमा केल्याखेरीज पैसे खर्च करू नयेत.

पावसात सर्व हिशेब फिरतो. पकड अल्प, वेग कमी, म्हणून वजन आपोआप बाहेर ढकलले जात नाही, आणि आतले चाक उचलण्याचे सारे काम भूमितीवर येऊन पडते: कॅस्टर शक्य तितका वाढवतात, पुढची चाके पूर्ण बाहेर, मागची पूर्ण आत, सीट उंच, आणि नक्षीच्या टायरांत हवा अधिक.

इतकी साधने हाताशी असल्यावर मोह होतो तो सर्व एकदम वापरण्याचा, आणि जुळवणीत अपयश येण्याचे सर्वांत मोठे कारण हा मोहच आहे. एका वेळी एकच फेरफार, आणि तोही जाणवण्याजोगा, ही शिस्त जो पाळतो त्याची वही दोन हंगामांत एका ग्रंथाच्या योग्यतेची होते. वहीत तारीख, ट्रॅक, हवामान, डांबराची उष्णता, थंड व तापलेली हवा, सीटची जागा, रुंदी, ॲक्सल, हब आणि सर्वांत चांगल्या तीन-चार फेऱ्यांची वेळ इतका तपशील असावा. त्यापुढे चालकाची कैफियत त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, परंतु ती घेण्याची पद्धत हवी. कार्ट चांगले चालत नाही, एवढ्याने काही कळत नाही. वळणात शिरताना तोंड बाहेर जाते, की मध्यावर इंजिन बसते, की बाहेर पडताना मागची बाजू निसटते, असे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. शिरताना तोंड बाहेर जाणे हे बहुधा पुढच्या पकडीच्या किंवा कॅस्टरच्या न्यूनतेचे लक्षण. मध्यावर इंजिन बसणे म्हणजे आतले चाक उचललेच जात नाही किंवा फार लवकर टेकते. बाहेर पडताना मागची बाजू निसटणे म्हणजे ते वेळेवर टेकत नाही, अथवा मागचे टायर जास्त तापले. आणि चालक ज्या जुळवणीला सुखद म्हणतो ती नेहमीच जलद नसते. निसटणारे कार्ट हाताला अवघड वाटूनही कधी कधी अधिक वेगवान असते, आणि अशा वेळी चालकाच्या शब्दापेक्षा घड्याळाचा दाखला प्रमाण मानावा लागतो.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता देशभर स्वतःच्या हाताने कार्ट बांधून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरतात. अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार या तालुक्यांतील मुले शिकायला लातूरला जातात, नांदेडच्या विष्णुपुरीतील १९८१ साली स्थापन झालेल्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत जातात, पुण्याला जातात. आणि त्यांच्यातील ज्यांना या खेळाची ओढ लागते, त्यांच्याकडे गावाकडच्या वेल्डिंगच्या दुकानात लहानपणापासून पाहिलेल्या कामाचे मोठे भांडवल असते. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की इंजिनासाठी जेवढा खर्च आणि जेवढ्या रात्री वेचल्या जातात, त्याचा चतुर्थांश तरी चासी मोजण्यात वेचावा. आणि भीतीपोटी जादा आडव्या नळ्या टाकून चौकट ट्रॉलीसारखी अढळ करून टाकू नये. अशी चौकट वळणावर मागची दोन्ही चाके खाली दाबून ठेवते, आणि मग उत्तम इंजिनही वळणागणिक दम टाकते.

मोजण्याला मोठे द्रव्य लागत नाही. पातळीने तपासलेली सपाट फरशी, वजनाचे चार सारखे काटे, दोरी, टेप आणि स्पिरिट लेव्हल एवढ्यावर आरंभ होतो. चारही चाकांखाली काटे ठेवून चालकाला पूर्ण पोशाखात, हेल्मेटसह, हात स्टिअरिंगवर आणि नजर समोर अशा स्थितीत बसवावे, आणि पुढच्या दोन काट्यांवरील आकडे परस्परांच्या जवळ येईपर्यंत पुढच्या उंचीच्या चकत्या बदलाव्यात. टो, म्हणजे पुढच्या चाकांचे तोंड किंचित बाहेर ठेवण्याचे माप, आणि कॅम्बर, म्हणजे त्यांचा आत किंवा बाहेर झुकाव, हीही मापे चालक बसलेला असतानाच घ्यावीत, कारण त्याच्या वजनाने चौकट लवते आणि रिकाम्या कार्टवर घेतलेले माप खोटे ठरते. टो बाहेरच्या बाजूस एक-दोन मिलिमीटर असला की सहसा पुरतो. त्याहून अधिक झाला तर सरळ रस्त्यावर टायर घासत राहतात. ट्रॅकवरून परत आलेल्या कार्टचा टो प्रत्येक वेळी पुन्हा मोजावा. कर्बवर एकदा जोराने आदळलेला स्टब ॲक्सल डोळ्यांना सरळ दिसत असला तरी दोरी त्याचा वाक दाखवते, आणि तो वाक सापडून भाग बदलला जाईपर्यंत सीट, हब, हवा यांपैकी कशालाही हात लावू नये.